बायची झोप

सोम. ता. ३ डिसेंबर १९६२, बर दुबई

इस्माईल पहाटे लाँचवर गेला. शेठचा माल मस्कतला उतरवून परत यायला आठ दिवस, वारा नीट असला तर. जाताना म्हणाला, "बावा, उगाच काळजी करत बसू नका." मी काळजी करतो म्हणून घर जागेवर आहे, हे त्याला कोण सांगणार. स्टोव्ह विझल्याचे तीनदा बघितले.

सुनेला कालपासून खोकला. माझी नात बाय आज सेहेचाळीस दिवसांची. इ. नसला की घरात तिघेच, आणि बोलणे सगळे त्या पोरीमार्फत. सून तिला म्हणते, "बाय गं, बावांना सांग, चहा निवतोय." मीही बायलाच सांगतो, "आईला म्हणावं, आलो." पोरगी दोघांकडे बघते आणि लाळ गाळते.

मंगळ. ता. ४

सुनेला ताप. अंग भट्टीसारखे, असे शेजारच्या हलिमाखालेने हात लावून सांगितले. खाला हर्णैची, एकटी, जीभ मिरचीसारखी, पण अडीअडचणीला धावते. बायला पाजायला घेतले की सुनेला उबळ येते, बाय सुटते आणि रडते. सकाळभर हेच. मला पडद्याआड ऐकू येते. काय करावे ते कळत नव्हते. खाला ओरडली, "बावा, तसबीचे मणी काय ओढत बसलात, देऱ्याला जा, औषध आणा!"

सून उभी राहू शकत नाही, म्हणून मी एकटाच गेलो. अब्रा होडीने खाडी ओलांडली. सिंधी डॉक्टरच्या दवाखान्यात हमालांची गर्दी, दहाबारा जण. सगळे ऐकतात.

डॉ. म्हणाला, "कौन बीमार है?"

"घर में."

"उमर?"

"बाईस."

खोकला कसा, ताप किती, सगळे विचारले. सांगितले. मग म्हणाला, "इस दवा से नींद आएगी. लड़के को चार दिन काम पर मत भेजना."

लड़के को. त्याला वाटले माझा मुलगा आजारी आहे. मी तोंड उघडले होते. पण 'सून' म्हटले असते तर पुढे मूल किती महिन्यांचे, आणि मग अंगावर पिते का, हेही आले असते. सासऱ्याने सुनेबद्दल हे बोलायचे, हमालांसमोर. जीभ उचलली नाही. "घर में ही रखूँगा," म्हणालो. खोटे काही बोललो नाही.

तापाच्या गोळ्या आणि तपकिरी औषधाची बाटली. दोन चमचे, दिवसातून चार वेळा.

बुध. ता. ५

अल्लाचे शुक्र. औषध लागू पडले. खोकला निम्म्याने कमी, सून झोपली. बायही झोपली. किती दिवसांनी घर शांत. मी जुने शीड काढून टाके घालत बसलो. गावाला चाळीस वर्षे शिडे शिवली, हात अजून थांबत नाहीत. डोळे मात्र सुईत दोरा ओवू देत नाहीत.

खाला म्हणाली, "बघा, आईला आराम तर लेकराला आराम. चारदा काय, पाचदा द्या." सुनेने पाचव्यांदा घेतले.

संध्याकाळी बायला उठवायचे म्हणाली सून. म्हणाली म्हणजे झोपलेल्या बायलाच म्हणाली, "अगं ऊठ, दुपारपासून प्यायली नाहीस." उठली, दोन घोट घेतले, परत झोपली. शहाणी आहे, असे मला वाटले. इ.ला सांगायला लिहून ठेवतो.

गुरु. ता. ६

सकाळी बाय तिच्या वेळेला उठली नाही.

आठ वाजले, नऊ वाजले. सुनेने गाल थोपटले, तळवे चोळले. डोळे अर्धे उघडते आणि मिटते. तोंडात दिले तर ओढत नाही, दूध ओठाच्या कडेने गळते. खालेने तळव्याला चिमटा काढला, तेव्हा मांजराच्या पिलासारखे कुईं केले आणि गप्प.

ही झोप मी ओळखतो. गावाला बाया भाताच्या लावणीला जायच्या तेव्हा पोरांना अफूचा कण चाटवून ठेवायच्या. माझ्या बहिणीचा मुलगा असाच झोपला होता. बहीण बांधावरून आली तेव्हा...

नको.

इ.चे गजराचे घड्याळ समोर ठेवले, तसबी हातात घेतली. एका श्वासाला एक मणी. बायचे एका मिनिटात बावीस. खालेच्या शेजारणीचे पोर एवढेच आहे, ते झोपलेले असताना मोजून आलो. बेचाळीस. परत मोजले. बायचे तेवीस.

"इस दवा से नींद आएगी." औषध सुनेने घेतले आणि झोप पोरीला आली. दुधातून. दुसरे काय असणार. डॉक्टरला ठाऊक असते तर त्याने ही बाटली दिली असती का? मी सांगितलेच नाही.

खाला म्हणते, दूध तोडा, गोळ्या उकिरड्यावर फेका, डब्याचे दूध पाजा. म्हणजे सुनेचा ताप चढेल. गोळ्या द्याव्या की नाही, दूध द्यावे की नाही, मला काही कळत नाही. चौथी शिकलेला माणूस मी. मी ठरवायचे?

डॉक्टरकडे जायला धक्क्यावर गेलो. शमाल वारा सुटलेला, खाडीत पांढऱ्या लाटा, अब्रा सगळ्या बांधून ठेवलेल्या. नाखव्याला हात जोडले. "खलास, बाबा. बुक्रा, इन्शाल्ला." उद्या. मी चाळीस वर्षे वाऱ्याकडे बघून शिडे शिवली. तो बरोबर बोलत होता, तरी त्याला शिव्या दिल्या.

बाटली कोटाच्या खिशात घातली आहे, डॉक्टरला दाखवायला. सून खोकते आहे. मागत नाही. बायशी बोलायचेही तिने बंद केले आहे.

शुक्र. ता. ७ (इस्पितळाच्या बाकावर)

रात्र कशी गेली ते लिहीत नाही. चमच्याने उकळलेले पाणी, थेंब थेंब. मणी मोजत होतो. एकोणीसपर्यंत खाली आले.

पहाटे वारा पडला. पहिली अब्रा. जुम्मा म्हणून दवाखाना बंद, वरच डॉक्टरचे घर. जाण्याआधी मी कागदावर सगळे लिहून घेतले होते, म्हणजे तोंडाने बोलावे लागणार नाही. चांगल्या अक्षरात, मराठीत. डॉक्टर नाश्ता करत होता, शेजारी त्याची बायको. कागद पुढे केला. त्याने उलटासुलटा करून बघितला आणि परत दिला. "काका, ये मुझे नहीं आता. बोलो."

मी भिंतीकडे बघितले. तिथे कॅलेंडर होते. त्याला सांगितले. "बीमार लड़का नहीं है. मेरी बहू है. छोटी बच्ची है, डेढ़ महीने की. बहू उसको... अपना दूध पिलाती है. बच्ची उठती नहीं."

डॉक्टरने हातातला चमचा खाली ठेवला. बायको आधीच उभी राहिली होती.

मी बाटली दाखवली. त्याने ओरडायचे होते ते ओरडून घेतले. "अफ़ीम की जात की चीज़ है इसमें! माँ पिएगी तो बच्चे तक जाएगी. उस दिन एक बात बोलते तो दूसरी दवा देता, ऐसी दवाएँ हैं!" मग आवाज खाली आला. "बच्ची को बड़े अस्पताल लाओ. अभी. माँ को भी. मैं वहाँ पहुँचता हूँ."

मी परत घरी धावलो. या वयात, वाळूत. सून बुरख्यात, अंगात ताप, म्हणून अब्रात बायला मी घेतले. खाला सुनेला धरून. बायचे तोंड माझ्या कोटात, छातीवर. एका हाताने मणी. अब्रातले सगळे बघत होते. बघू देत.

इस्पितळात बायला लगेच आत नेले. नर्सने सुनेलाच सगळे विचारले, खडखडीत आवाजात, दारातच: शेवटचे औषध कधी घेतले, किती घेतले, शेवटचे कधी पाजले. सुनेने उत्तरे दिली. मग डॉ. आला आणि म्हणाला, "काका ने मुझे बताया ही नहीं था कि दूध पिलाने वाली माँ है." तिच्यासमोर. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती.

आत पुरुषांना मनाई. खाला आतबाहेर करते आणि सांगते. बाटली बंद. तापाच्या गोळ्या डॉ.ने बघितल्या, त्या चालतील. उद्यापर्यंत अंगावर पाजायचे नाही, दूध काढून टाकायचे. पण काढत राहायचे, नाहीतर आटेल. मी विचारले, कायमचे तोडायचे का? खाला म्हणाली, "डॉक्टर नाही म्हणतो. म्हणतो, बाय शुद्धीवर आली की हेच दूध तिला लागणार. मी आपली उगाच बोलले होते." खाला कधी असे म्हणत नाही.

इ.ला काय सांगू? लाँच कुठवर आली असेल?

शनि. ता. ८ (तिथेच)

दुपारी बारा वाजून गेल्यावर आतून रडणे आले. तिथे पाचसहा पोरे आहेत. कोणाचे ते मला ओळखता येईना. मी बाकावरून उठलो आणि परत बसलो. मग खाला दारात आली, तोंडावर पदर. मला वाटले संपले. ती हसत होती. "तुमचीच नात, बावा. असा बेसूर गळा दुसऱ्या कोणाचा?"

रडली, सहा चमचे घेतले, परत झोपली. नर्सने मोजले, अठ्ठावीस. कालच्यापेक्षा बरे, पण आणखी दोन दिवस बघायचे, आत्ताच काही म्हणायचे नाही. खाला ते "बरे" तेवढेच सांगते. मी पुढचेही ऐकले आहे.

सुनेची छाती कफाने भरली आहे म्हणे, ताप अजून आहे. नवे औषध द्यायचे ठरले आहे. सुईचे.

असरच्या वेळी सून स्वतः दारापर्यंत आली. खाला नमाजला गेली होती, बाय आत. बोलायला मध्ये कोणीच नव्हते. मी खाली बघितले. म्हणालो, "चूक माझी आहे. मला लाज वाटली."

ती भिंतीला धरून उभी होती, श्वास लागला होता. मग म्हणाली,

"बावा."

लग्नाला तीन वर्षे झाली. थेट मला असे पहिल्यांदा.

"सुई आणली आहे. नर्सबाई म्हणते चालेल. पण मी हात पुढे केला नाही. डॉक्टर व्हरांड्यात आहेत, माणसांत. तुम्ही जाऊन त्यांनाच विचारा. बाय उद्या अंगावर आली तर हे औषध चालेल का. आणि मोठ्यानं विचारा, मला इथे ऐकू आलं पाहिजे."

व्हरांड्यात वीसएक माणसे आहेत. डॉ. मधोमध. सून दारात उभी आहे, बाही वर करून. वही खालेच्या पिशवीत टाकतो आणि जातो.