एक आजी आहेत इथे

वन्सं,

"वहिनी, तू आईच्या उशाशी होतीस, तेवढं बरं झालं," असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी हो म्हटलं. ते खोटं होतं.

तुमच्या आईचा उद्योग तुम्हाला ठाऊक आहे. दवाखान्यात ज्याला कुणी नाही, त्याच्या फॉर्मवर नात्याच्या रकान्यात 'मावशी' लिहायचं आणि खाली आपल्या घरचा नंबर द्यायचा. मग दिवसभर त्या फोनांची कटकट माझ्या डोक्याला. मी म्हणायचे, "आई, जगाच्या मावशी झालात, घरच्यांचं कोण बघणार?" त्या म्हणायच्या, "घरच्यांना तू आहेस की," आणि पिशवी उचलून चालू लागायच्या.

त्या दुपारी कुणी नवीन नर्स बोलत होती. "एक आजी आहेत इथे. सोबत कुणी नाही. पिशवीत हा नंबर मिळाला." माझे हात साबणाचे, धुणं अर्धं पडलेलं. "आमच्या मावशी तिकडेच असतील, त्यांनाच गाठा," म्हणून मी फोन आपटला.

त्याच होत्या, वन्सं.

पुन्हा फोन आला तेव्हा नाव कळलं; मी पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने त्यांचा हात धरला होता म्हणे. फॉर्मवर तिनेच 'भाची' लिहिलं होतं.

फोन अजून येतात. आता मी जाते, मावशी लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा मला लिहिता येत नव्हतं; अक्षरं त्यांनीच गिरवून घेतली होती माझ्याकडून. या पत्राखाली नातं लिहायला मात्र पेन अडतंय.

तुमची,
फोन ठेवणारी