तुला केलेली क्षमा

प्रिय ताडमाडा,

साठी गाठलेल्या माणसाला या नावाने हाक मारणे शोभत नाही, हे जाणतो. पण माझ्या लेखणीला तुझी दुसरी ओळख नाही. तू तासून, रोगण देऊन पाठवलेली आठही वल्ही काल पोहोचली. सोबतच्या चिठ्ठीत लिहिले आहेस, "दादा, यंदा हात जरा थरथरतो, एका पात्यावर रोगण कमीजास्त झालंय, सांभाळून घ्या." ती चिठ्ठी वाचल्यापासून माझे चित्त पूजेत लागत नाही.

इकडचे वर्तमान असे. या वर्षी होडीत आठ नवी पोरे आहेत आणि सुकाणूवर एक मुलगी; चणीने इतकी लहान की सारे तिला लवंग म्हणतात. जीभही तशीच तिखट. परवा एकाला म्हणाली, "अरे, वल्हं मारतोयस की चहा ढवळतोयस?" मी काठावरच्या बाकावरून तिला शिकवतो. पहिला धडा तुलाही आठवत असेल. वल्हेकऱ्याची पाठ वाटेकडे असते, होडी कुठे चालली हे त्याला दिसत नाही. आठ जणांच्या वतीने पाहणारा सुकाणूवरचा एकटाच.

दुसरा धडा क्षमेचा, आणि तो तुझ्यावर बेतलेला आहे. अंतिम शर्यतीत आपण अर्ध्या होडीच्या लांबीने पुढे असताना शेवटच्या वळणावर चौथ्या जागेवरच्या तरुणाचे वल्हे पाण्यात खोल रुतले, होडी कलली, शर्यत हातची गेली. आणि सुकाणू धरणाऱ्याने, म्हणजे मी, काठावर उतरताच त्याला क्षमा केली. दर वर्षी हे सांगतो, वर दोन श्लोक म्हणतो. तुझे नाव घेत नाही, एवढी सभ्यता पाळतो. एकदा एकाची आई डोळे पुसत होती.

या सोमवारी लवंगेने विचारले, "आजोबा, वल्हं रुतलं तेव्हा तुम्ही कुठं बघत होतात?" तिच्या मनात काही नव्हते, सुकाणूवर बसणारीने विचारावा असाच प्रश्न. मी पाणी मागितले आणि उगाच दोर गुंडाळायला उठलो.

मी बघत नव्हतो. वळणाआधी आपण पुढे असल्याचे पाहिले आणि ऊर कृतज्ञतेने, खरे म्हणजे गर्वाने, भरून आला. शर्यतीतही ज्याचे नामस्मरण सुटत नाही असा माणूस, ही कीर्ती मला फार प्रिय होती. मी डोळे मिटले. चार फटक्यांपुरतेच. उघडले तेव्हा पुलाचा खांब समोर होता. मी सर्व बळाने सुकाणूची दोरी ओढली, होडी तुझ्या बाजूला कलली, आणि म्हणून तुझे वल्हे रुतले. आधी होडी कलली, ताडमाडा, वल्हे नंतर. पाठमोऱ्या आठ जणांना हा क्रम कळणे शक्य नव्हते. ज्याला ठाऊक होता, तो गप्प राहिला.

तू ओल्या अंगाने समोर येऊन म्हणालास, "दादा, माझ्यामुळं गेली." तेव्हा एक वाक्य पुरले असते. मी तुझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "जा, क्षमा केली."

पुढच्याच आठवड्यात तू होडी सोडलीस. देशाच्या संघासाठी निवड करणारे दोनदा तुझ्या दारी येऊन गेले, हेही मला कळले होते. तू सुतारकाम धरलेस आणि छत्तीस वर्षे आमची वल्ही नीट करून देत आलास. "तेवढंच प्रायश्चित्त," असे एकदा म्हणालास, आणि मी मान डोलावली. पोथ्यांतल्या पापांच्या याद्या मी पुष्कळ वाचल्या. निरपराध्याला क्षमा करणे त्यांत कुठे बसते, ते आता शोधतो आहे.

रविवारी सकाळी, होडी पाण्यात लोटण्यापूर्वी, हे सारे मी मुलांना तुझ्या नावासकट सांगणार आहे. त्यांनी ते तुझ्याआधी ऐकावे, हे योग्य वाटेना. म्हणून हे पत्र. मी तुझ्याकडे क्षमा मागत नाही. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. तू ती उलट टपाली पाठवशील आणि लिहिशील, जाऊ द्या हो दादा. तसे करू नकोस. राग आला तर येऊ दे. तुझ्या हातात काही दोष नव्हता. त्या दिवशी आठांत तुझाच फटका सर्वांत स्वच्छ पडत होता. माझे डोळे उघडे होते तोवर मी तो पाहिला होता.

तुझाच म्हणवण्याचा अधिकार गमावलेला,
दादा