वानरांसाठी बांधलेला दोर

प्रिय रिता,

पत्र बघून घाबरू नकोस. घरात फोन एकच, तो बाबांच्या उशाशी असतो. त्यांच्यासमोर हे बोलवत नाही, म्हणून अंगणवाडीत बसून लिहिते आहे.

तू आसामला सोनेरी वानरांच्या कामाला निघालीस तेव्हा ते किती चिडले होते! "वानरं पाहाले येवढ्या दूर कायले जा लागते? आपल्या घराच्या कवेलूवर का कमी हायेत?" तेव्हापासून तुझ्याशी बोलले नाहीत. पण तिथलं जंगल तुटत चाललंय, ती वानरं जगात फार थोडी उरलीत, हे तू मला फोनवर सांगायचीस ना, तेव्हा सुपारी कातरत सगळं ऐकायचे.

यंदा नाकाडोंगरीचा रस्ता रुंद झाला. दोन्ही बाजूंची मोहाची, येनाची झाडं गेली. वर फांद्या एकमेकींत शिरायच्या, तिथे आता नुसतं आभाळ. आपली काळतोंडी वानरं खाली उतरून रस्ता ओलांडू लागली. दिवाळीनंतर एक मादी ट्रकखाली आली. पिल्लू तिला सोडेना. बाबांनी ते दुपट्ट्यात गुंडाळून आणलं, बकरीचं दूध पाजलं. जगलं नाही गं. त्या दिवशी हे जेवले नाहीत.

मग एकदा म्हणाले, "रितानं वानरांच्या दोराच्या पुलाचा फोटो धाडला होता नं, तो काढ बरं." फोटो बघून त्यांनी शेजारच्या भैय्यालालसोबत तसाच पूल विणला. रस्त्याअलीकडे एक मोह आणि पलीकडे एक चिंच तेवढी वाचली होती. चिंचेवर गाठ आवळताना फांदी मोडली आणि हे खाली पडले; पूल पुढे भैय्यालालनं पुरा केला. पाय मुरगळला असं मी तुला सांगितलं, पण कमरेचं हाड मोडलंय. पूर्वीसारखं चालणं आता होणार नाही. त्यांनीच बजावलं होतं, "तिले सांगू नको. काम सोडून येईन पोरगी."

रोज संध्याकाळी विचारतात, "आज गेले का वं दोरावरून?" मी "गेले" म्हणते. एकदा तर पिल्लू पोटाशी धरून मादी गेली, असंही सांगितलं. त्यांचा चेहरा असा उजळला की मला तिथे बसवेना. खरं म्हणजे एकही वानर त्यावर चढलेलं नाही. टोळीच दिसेनाशी झालीय.

तुझ्या वाढदिवसाला ते स्वतः तुला फोन करणार आहेत. वानरं दोरावरून जातात, हे त्यांना तुला सांगायचंय. तू नुसतं हो म्हण, एवढंच लिहायला मी बसले होते. आता वाटतं, तुला खोटं बोलायला लावू नये. तुमच्याकडची वानरं पहिल्यांदा दोरावर चढायला किती दिवस थांबली, तेवढं मला अंगणवाडीच्या पत्त्यावर कळव. मग खरं काय ते मीच त्यांना सांगेन.

तुझीच,
आई