मानसी म्हात्रे की सई

रोहा, शनिवार संध्याकाळ

उद्या पेणला महेशच्या मुलीचं बारसं. मी आत्या, म्हणजे बाळाच्या कानात नाव मीच सांगणार. महेशनं ठरवूनच टाकलंय, मानसी म्हात्रे. "आपल्या घरात सगळ्यांची नावं म वरनंच हायत ना ताई!"

आणि दुपारी वहिनीचा चोरून फोन. "ताई, मला सई ठेवायचीय. यांना सांगून थकले. तुमच्या तोंडून निघालं की मग कोण काय बोलणार नाय."

म्हणजे भावाशी वाकडं मी घ्यायचं? तेही भर बारशात, पाठीवर बायकांचे धपाटे पडत असताना?

पण मलाही असंच जुळवून मंदा ठेवलं होतं. मंदा म्हात्रे! शाळेत हजेरीला काय खणखणीत वाजायचं. लग्न झालं, ठाकूर झाले, आणि ते वाजणं गेलं ते गेलंच. महेशला हे कसं कळणार? त्याचं आडनाव कुठं बदललंय?

मघाशी भाकऱ्या थापताना दोन्ही नावं पुटपुटत होते. मग नुसतंच सई म्हटलं, पुढं काही न लावता. काहीच कमी वाटलं नाही.

उद्या धपाटे पडायला लागले की महेशकडे बघायचं नाही.