पांढऱ्या डोक्यांची वाटणी

मी, कडूबा नामदेव खरात, वय अंदाजे अडुसष्ट, धर्म बौद्ध, धंदा प्लास्टरच्या मूर्ती करणे व चित्रकलेचे क्लास घेणे, राहणार मस्तगड, जालना, हा कागद माझ्या हाताने लिहून ठेवतो. माझे डोके ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघे लागत नाहीत असे वकिलांनी सांगितले. माझ्यावर कोणाचा दाब नाही. यापूर्वी असा कागद केलेला नाही आणि पुन्हा करण्याइतका दम उरलेला नाही, तेव्हा हाच शेवटचा समजावा.

कलम १. मस्तगडच्या दोन खोल्या माझ्या कष्टाच्या आहेत. त्या मुलगा वसंता याला मिळाव्यात. माझी बायको तुळजाबाई तिथेच गेली. तिची चूल मोडू नये, ही इच्छा आहे, अट नाही. सुनेला स्टोव्ह बरा पडत असेल तर पडो.

कलम २. प्लास्टरची सात डोकी व त्यांचे साचे. याबद्दल जरा लांबण लावतो, कारण घरातले सगळे भांडण यांच्यापायी झाले.

निजामाच्या अमलात मी इथल्या एका शाळेत शिपाई होतो. हैदराबादहून लाकडी खोक्यांत, गवतात गुंडाळून ग्रीक देवादिकांची पांढरी डोकी आली. मास्तरांनी ती पोरांपुढे मांडायची आणि मी पुसायची. पुसता पुसता कोळशाने फरशीवर काढू लागलो. पुढे शाळेने ती अडगळीत टाकली, तेव्हा मागून घेतली आणि हातगाड्यावर घरी आणली. माझी शाळा तीच. सरळ नाक, शांत कपाळ, सगळे मापात, रंगाचा थेंब नाही. यापरते सुंदर काही नसते, असे मी स्वतःला आणि तीस वर्षे क्लासच्या पोरांना शिकवले.

मागून वाचनात आले की दोनशे वर्षांमागे युरोपात जुन्या मूर्ती जमिनीतून निघाल्या आणि तिथले मोठमोठे कलावंत माझ्यासारखेच त्यांच्या नादी लागले. याला नवअभिजातवाद म्हणतात. शब्द जड आहे, गोष्ट साधी. बाप चुकला, आजोबा खरा, असे म्हणायचे. मंग त्यांची पोरे उठली. कोणी म्हणाले, माप कशाला, मनातले वादळ काढा. कोणी म्हणाले, देव पुरे झाले, खडी फोडणारा माणूस काढा. त्यांच्या नंतरच्यांनी तर नाकडोळे उचलून भलतीकडेच ठेवले. पण यातल्या कितीकांनी आधी हात बसवला तो या पांढऱ्या डोक्यांवरच. मोडायलाही काहीतरी लागते.

हे मी माझी मुलगी पुष्पा हिला मोठ्या तोऱ्यात सांगायचो. ती म्हणायची, "बाबा, मंग मला मोडू द्या की."

कवितेतही तिचे तेच. मी वृत्तात लिहिणारा, गण मोजणारा. ती बोलीत लिहायची, ना यमक ना मात्रा. मी टोकले तर म्हणाली, "खुरपताना बाई रडती, ती काय गण मोजून रडती का?" मी म्हणालो, "रडणं येगळं अन् कविता येगळी." आज तसे म्हणवत नाही.

सातही डोकी व साचे वसंताने घ्यावेत. त्याला ती परीक्षेला बसणाऱ्या पोरांसाठी शाळांना विकायची आहेत, विकावीत. अट एकच, तिचे कारण पुढच्या कलमात आहे. प्रत्येक डोक्याच्या बुडाशी त्याने प्लास्टरचा ओला थर देऊन त्यात कोरावे : "मूळ मूर्ती रंगीत होती."

कलम ३. कुंभार पिंपळगावच्या विहारासाठी केलेली बुद्धमूर्ती, उंची साडेतीन हात, सिमेंटची, सध्या माझ्या शेडमध्ये भिंतीकडे तोंड करून उभी.

सन ७१ मध्ये अंग मी केले आणि चेहरा पुष्पाने. नाक रुंद, ओठ जाड, रंग आपल्या मातीचा, चीवर हळदीचे. दुसऱ्या दिवशी मूर्ती न्यायला बैलगाडी येणार होती. पुष्पा घनसावंगीला नोकरीच्या कामाने गेल्ती. मी मूर्तीपुढे बसलो आणि मला राहवले नाही. काचकागद घेतला. आधी रंग घासला. मंग वाटले, नाक जरा सरळ करावे. सिमेंट वाळलेले, छिन्नी लावली. संध्याकाळी ती आली तेव्हा चेहरा तिचाही राहिला नव्हता आणि माझाही झाला नव्हता.

ती ओरडली नाही. म्हणाली, "मला सांगून घासायचं तरी." पिशवी उचलली आणि गेली. घनसावंगीच्या शाळेत चित्रकला शिकवते. पाच वर्षे या दारात आलेली नाही.

गाडी रिकामी परत गेली. विहाराच्या गिरिजाबाई दुसऱ्या दिवशी आल्या, मूर्ती बघितली. "मास्तर, एक इचारू? नाक आमच्यावानी व्हतं म्हणून घासलं का?"

मी म्हणालो, "न्हाई बाई, माप चुकलं होतं." त्या म्हणाल्या, "कोणाच्या मापात?" आणि चहा न घेता गेल्या.

दोन वर्षांमागे जुन्या विद्यार्थ्याने मुंबईहून इंग्रजी पुस्तक पाठवले. इंग्रजी मला येत नाही. हायस्कूलचे रामराव मास्तर वाचून सांगत होते. त्यात निघाले की त्या ग्रीक मूर्ती मुळात रंगवलेल्या असत. ओठ लाल, केस रंगीत, कपड्यांवर वेलबुट्टी. ऊनपावसाने, मातीने रंग गेला. मागाहून आलेल्यांनी गेलेल्या रंगालाच शुद्धपणा म्हटले. मी म्हणालो, "रामराव, परत वाचा." त्यांनी तीनदा वाचले. तिन्ही बारी तेच निघाले.

त्यानंतर मी जीप धरून घनसावंगीला गेल्तो. स्टँडवर उतरलो, शाळेची घंटा ऐकू आली, आणि त्याच जीपने परत आलो. जे तोंडाने व्हायला पाहिजे होते ते वकिलाच्या कागदावर करून राह्यलो, ही माझी लायकी.

सदर मूर्ती, शेड, कोरण्या, कंपास, ओळंबा ही सर्व मुलगी पुष्पाबाई हिला द्यावीत. वसंताने हरकत घेऊ नये. त्याने तसे मला तोंडी सांगितले आहे : "बाबा, मला त्या मूर्तीकडं बघवत बी न्हाई, तिलाच द्या."

कलम ४. कचरू पेंटर यांस माझी सायकल. शनिवारच्या बाजारात, दहा माणसांत मी त्यांना म्हणालो होतो, "कचरू, तू देव रंगवत न्हाईस, बुडवतोस." लोक हसले, तेही हसले. त्यांचे हसणे खरे नव्हते हे मला तेव्हाच कळले होते. सायकलची चेन नवी आहे. माफी सायकलीत धरू नये, ती वेगळी मागतो.

कलम ५. पोस्टातली शिल्लक माझ्या मातीसाठी व जेवणासाठी. माझा पुतळा, मुखवटा, काही करू नये. चेहऱ्यांचा कंटाळा आला आहे.

कलम ६. विहारातली मूर्ती कशी असावी, नाक कसे, रंग कोणता, की रंगच नको, याबद्दल वर एक अक्षर नाही. वकिलांनी विचारले, "मास्तर, हे राहून गेलं का?" मी म्हणालो, "न्हाई साहेब, मुद्दाम सोडलंय. तिथं माझं चालत न्हाई." पुष्पाने करावा तो चेहरा. वाटल्यास मी केलेले अंगही फोडावे.

आणि तिला हात लावायचीच इच्छा उरली नसेल, तर तेही रास्त आहे. मग मूर्ती आहे तशी, घासलेल्या तोंडाची, कुंभार पिंपळगावला पोचती करावी. येणारेजाणारे विचारतील, बुद्धाचा चेहरा कोणी घासला. माझे पूर्ण नाव सांगावे, बापाच्या नावासकट.

हा कागद मी वाचला, साक्षीदारांपुढे सही केली, आणि त्यांनी माझ्यापुढे केली.

(सही) कडूबा नामदेव खरात

साक्षीदार :
१. (सही) रामराव भगवानराव देशमुख, शिक्षक, जालना
२. (सही) गिरिजाबाई सर्जेराव साळवे, कुंभार पिंपळगाव, ता. अंबड

ठिकाण : जालना, जि. औरंगाबाद
तारीख : ११ नोव्हेंबर १९७६