पाचव्या गाण्यातली शांतता

प्रिय अंकुश,

खुर्ची माझ्या कानाजवळून गेली आणि अतुलच्या ड्रमवर आदळली. दुसरी तुझ्या गिटारवर. तिसरी कुणी फेकली ते दिसलं नाही, कारण तोवर लोक स्टेजवर चढले होते.

पुढचं तुला आठवतं असं तुझा दादा सगळ्यांना सांगतो. गावातल्या तेजरामनं लोखंडी दांडा उचलला, तुझ्या कानशिलावर घातला, तू पडलास. तेजराम अजून कोठडीत आहे. उद्या दुपारी पोलीस नागपूरच्या दवाखान्यात तुझा जबाब घ्यायला येणार आहेत.

आंधळगावच्या मंडईत वाजवायला मी नको म्हणत होते. दिवाळीनंतरची मंडई म्हणजे जत्राच, दंडारीची नाच-गाणी, पाळणे, जिलेबी. पण तू अडून बसलास की पहिला अल्बम आधी आपल्याच लोकांना ऐकवायचा. वरठीच्या खोलीत भिंतींना गोधड्या ठोकून आपण तिघांनी तो केला. सगळ्या गाण्यांत एकच गोष्ट: अंतराळयानात एकटा उरलेला माणूस. पृथ्वीपर्यंत न पोचणारा त्याचा आवाज. मंडईवाल्यांनी बॅनरवर आपल्या बँडच्या 'लूप लाइन' या नावापुढं स्वतःहून 'ऑर्केस्ट्रा' जोडलं होतं. तिथंच कळायला हवं होतं.

चार गाणी लोकांनी ऐकली, हे मात्र खरं. "बाई गाऊन राहिली का रडून राहिली?" असं कुणीतरी ओरडलं तेव्हा तूही हसलास. मग पाचवं गाणं. मी 'कोनी आयकून राहिलं का' ही शेवटची ओळ म्हटली आणि आपण थांबलो. यानाचा रेडिओ बंद पडतो ती जागा. सहन होईनासं होईपर्यंत हलायचं नाही, असं ठरलं होतं.

"लाइन गेली रे!"

"लाइन नाही गेली, बाईचा गळा गेला."

साउंडवाल्या यादोरावकाकांना खरंच वाटलं की मशीन बिघडली. पोरांची अब्रू जाऊ नये म्हणून त्यांनी स्वतःजवळचं डीजेचं गाणं लावलं. सगळी मंडई नाचायला लागली. तेजराम सगळ्यांच्या पुढं, गळ्यातला दुपट्टा फिरवत. अतुल उठला. त्यानं काकांच्या थोबाडीत मारली आणि त्या गाण्याची वायर उपटली. काका स्पीकरवर पडले. त्यांच्या नाकातून रक्त आलं.

"म्हाताऱ्याले मारतं का बे?" म्हणत तेजराम वर चढला. त्याच्या मागून खुर्च्या आल्या. अतुलनं झांजेचा लोखंडी स्टँड उचलला. एकाचे दात माझ्या पायाशी पडले. एकाचं मनगट मोडल्याचा आवाज मी ऐकला. माइक चालू होता, सगळ्यांनीच ऐकला. अतुल थांबत नव्हता. समोर कुणी उरलं नाही तरी तो स्टँड फिरवत होता.

अल्बम तयार आहे. डाव्या कानानं तुला आता ऐकू येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यामुळे तो बाहेर काढायचा की नाही, ते तुझ्याशिवाय ठरणार नाही.

पण पत्र त्यासाठी नाही. तुझा फोन दादाकडं असतो, मेसेजही तोच वाचतो, म्हणून कागदावर लिहिते आहे. सकाळच्या गाडीनं स्वतः आणून देईन. तेजरामच्या हातात दांडा नव्हता. त्याच्या दोन्ही हातांत यादोरावकाका होते. तो त्यांना उचलून खाली नेत होता. तू अतुलला आवरायला मागून गेलास आणि त्याचा स्टँड मागं येऊन तुझ्या कानशिलावर बसला. तुला फक्त तेजरामचं तोंड दिसलं असेल. मी समोर उभी होते. अतुललाही माहीत आहे. तो रोज खोलीवर येतो, ड्रमपाशी बसतो, काही वाजवत नाही. जबाबावर सही करण्याआधी हे वाच.

तुझीच,
हर्षा

ता. क. सकाळी निघताना अतुल दारात होता. पाकीट बंद करण्याआधी त्याला पत्र वाचायला दिलं. वाचून म्हणाला, "मीच नेऊन देतो." त्यानं मोटारसायकल काढली आहे. हे तुला त्याच्या हातून मिळेल.