मांडवातलं भोक

मंगळवार, दिवेलागण

किळस आली आज. खापर गावी माझ्या नातीचा, रेखाचा साखरपुडा. फोटोवाल्याने सांगितलं म्हणून नवऱ्या मुलाच्या काकांनी मांडवातच पिस्तूल काढलं आणि वर गोळी झाडली. कापडाला भोक पडलं, त्यातून ऊन थेट रेखाच्या मांडीवर. आणि लोक टाळ्या वाजवतात! शी.

मी म्हटलं, "हाई काय?"

"आबा, लायसन शे मन्हाकडे," काका म्हणाले.

"गोळीले लायसन वाचता येस का?"

सगळे हसले. मग घरातला थोरला म्हणून नारळ माझ्या हाती आला. मी तो मुलाच्या बापाला दिला की सोयरीक पक्की. मी दिलाच नाही. म्हटलं, आधी ती वस्तू पोलीस ठाण्यात जमा करा.

"मंग पोरगी ठेवा घरमा!" काका तणतणले.

नारळ घेऊनच परत आलो. माझा मुलगा, रेखाचा बाप, बोलत नाही माझ्याशी. पोरीचं वाटोळं तर केलं नाही ना मी? पण ते भोक काही डोळ्यांपुढून हलत नाही.

आत्ता रेखा चहा घेऊन आली. विचारलं, रागावलीस का गं?

म्हणाली, "आबा, ते ऊन मांडीवर पडनं ना, तवयच मी नवरदेवपासून बाजूले सरकी बठनू."